चूक ताजी असताना

रुक्माक्कांची आठवण आली की मला झोप येते. यात त्यांचा काही दोष नाही. मी त्यांना जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा अर्धाअधिक झोपेतच होतो. बनशंकरीहून आमच्या संस्थेची गाडी उजाडायच्या आत निघायची. मी काचेला डोकं टेकायचो. हेब्बाळच्या पुलावर एक डोळा उघडायचा, खाली तळं आहे की नुसतं धुकं हे न ठरवताच मिटायचा, आणि दोन्ही डोळे उघडायचे ते थेट देवनहळ्ळीच्या पलीकडे. तिथलं दृश्य मला जागेपणीचं वाटायचंच नाही. द्राक्षाच्या मांडवाला लागून मोठी कमान, कमानीला पहारेकरी, आत सरळ रेघेत आखलेले रस्ते, रस्त्यांवर दिवे चालू, आणि घर एकही नाही. प्लॉट पडलेत, माणसं यायची आहेत. मधूनच डोक्यावरून इतकं खाली विमान जायचं की खिडकीतल्या माणसाने जांभई दिली तर आपल्याला दिसावी. आणि या सगळ्याच्या शेवटी एक बुटकं पिवळं आरोग्य केंद्र, अंगणात पपनसाचं झाड, झाडाखाली रुक्माक्का.

माझं काम काय होतं ते सांगितलं तर तुम्हालाही झोप येईल, तरी सांगतो. सरकारी आरोग्य केंद्रांत नेतृत्व आणि व्यवस्थापनाची मानकं लागू करायची होती. केंद्र कोण चालवतं, कसं चालवतं, हाताखालच्या माणसांचं ऐकतं का, चुकांतून शिकतं का, हे सगळं मोजायचं. त्यासाठी एक निळी पुस्तिका होती. तिच्यात प्रत्येक मानकापुढे ‘पुरावा’ नावाचा रकाना. पुरावा दिसला तर गुण, नाही तर शून्य. ती लिहिणाऱ्यांत मीही होतो. आयुष्यात कुणाचा ताप मोजला नव्हता, पण नेतृत्व मोजायला निघालो होतो. मला घेतलं ते मी निपाणीकडचा, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा म्हणून. प्रत्यक्षात माझं कन्नड ऐकलं की बेंगळुरूची माणसं दयेने हिंदीवर येतात.

पहिल्याच दिवशी मी पराक्रम केला. केंद्राचं दार अजून उघडलं नव्हतं, बाहेर पेशंटची रांग होती. रांगेच्या शेवटी सुती साडीवर पुरुषी स्वेटर घातलेल्या, डोक्याला लोकरी रुमाल बांधलेल्या एक बाई उभ्या होत्या. तिथल्या सगळ्यांत तेवढ्याच मला कंटाळलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्यापाशी गेलो आणि दहा मिनिटं माझ्या कन्नडमध्ये समजावून सांगितलं की आजी, आता तुमचे हाल संपले, आता इथे मानकं येणार आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अधूनमधून ‘सरी’ म्हणाल्या, म्हणजे बरं. मग मी बाजूला होऊन बायकोला फोन लावला आणि मराठीत म्हणालो, इथे प्रमुख म्हणावं असं कुणी उगवलेलंच नाही, सगळा आनंद आहे.

मागून आवाज आला, “आनंद कुठला रे तम्मा, आज सोमवार आहे. सोमवारी रांग अशीच अस्ते.”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मी त्यांचा तम्मा झालो. अधिकारी मात्र शेवटपर्यंत झालो नाही.

रांगेतल्या त्या बाई म्हणजे रुक्माक्का, केंद्राच्या मुख्य परिचारिका. कागदावर प्रमुख डॉक्टरीणबाई होत्या, पण त्यांच्याकडे आणखी दोन केंद्रं होती, त्यामुळे केंद्र चालायचं ते रुक्माक्कांवर. रोज सकाळी गणवेश चढवण्याआधी त्या रांगेच्या शेपटाला उभ्या राहायच्या आणि रांगेबरोबर सरकत दारापर्यंत यायच्या. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, आतून रांग लहान दिसते.

घराणं पेटेतलं, जुन्या बेंगळुरूतलं. आमचे लोक चारशे वर्षांमागे घोड्यावरून इथे आले, असं सांगायच्या; मग घोडा गेला, शिवणयंत्र आलं, ते माझ्या वडिलांपर्यंत चाललं. त्यांची मराठी त्या घोड्याबरोबर आलेली असावी. आपण जे शब्द विसरलो ते तिच्यात होते आणि मधल्या फटीत कन्नड उगवलेलं होतं. बोलताना विमान आलं की त्या वाक्याच्या मधोमध थांबायच्या, अगदी शब्दाच्या मधोमध. विमान जाईपर्यंत चेहऱ्यावर तोच भाव, हात हवेत तसाच. आवाज विरला की राहिलेली अक्षरं उच्चारायच्या. मला वाटायचं, आपलंच स्वप्न कुणीतरी जरा वेळ थांबवून पुन्हा चालू केलं.

दार उघडायच्या आधी पपनसाखाली सगळे गोल करून उभे राहायचे. याला ते ‘निन्नेदु’ म्हणायचे, म्हणजे कालचं. प्रत्येकाने काल आपल्या हातून झालेली एक चूक सांगायची. आपलीच, दुसऱ्याची नाही. कारण द्यायचं नाही. सांगणाऱ्याला मधे कुणी काही बोलायचं नाही. आणि ऐकलेलं फाटकाबाहेर न्यायचं नाही. सुरुवात रोज रुक्माक्का करायच्या.

मी पहिल्यांदा ऐकलं त्या सकाळी त्या म्हणाल्या, काल एका बाळंतिणीवर मी खेकसले. तिचं काही चुकलं नव्हतं. मग औषधं देणारा बसवराज म्हणाला की त्याने मोबाइल बघत गोळ्या मोजल्या, एका म्हाताऱ्याला पाच कमी गेल्या, आज तो जाऊन देऊन येणार आहे. बसवराज हा झाडाखाली कधी सरळ उभा राहायचा नाही. वर लोंबणारं प्रत्येक पपनस आपल्याच डोक्यासाठी पिकतंय अशी त्याची खात्री होती. असं होत होत पाळी माझ्यावर आली. मला याची कल्पना नव्हती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, माझी चूक अशी की मी प्रत्येक काम अगदी परिपूर्ण करायला बघतो.

एक विमान गेलं.  ते गेल्यावर बसवराज म्हणाला, “सार, ही चूक स्वल्प आम्हाला पण द्या की.”

रुक्माक्का हसल्या नाहीत. दार उघडायला जाताना मला एवढंच म्हणाल्या की तम्मा, चूक ताजी असताना सांगावी, शिळी झाली की तिला कारणांचे मोड येतात.

त्यानंतर मी त्या केंद्रावर गरजेपेक्षा जास्त जाऊ लागलो. इतर ठिकाणी मी गेलो की माणसं भिंतीवर तक्ते लावायची. इथे मी आणलेला ‘उत्तम नेत्याची लक्षणे’ हा प्लास्टिक चढवलेला तक्ता बसवराजने पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला होता, आणि तो बसतही छान होता. मी रुक्माक्कांना विचारलं होतं, पाच वर्षांनी हे केंद्र तुम्हाला कुठे दिसतं? त्यांनी जरा विचार करून सांगितलं, इथेच, जागा सरकारी आहे. मी ते पुस्तिकेत लिहून घेतलं. काय लिहून घ्यावं आणि काय घेऊ नये हे मला तेव्हा कळत नव्हतं. गोष्ट पुढे घडली ती त्यामुळेच.

नागरत्ना ही तिथली सगळ्यांत लहान नर्स. कंत्राटावर. कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं आणि त्या महिन्यात ती जेवायची नाही, असं बसवराज सांगायचा. नवरा दूर कुठे गाडी चालवायचा, लेक आजोळी. आठवड्यातून एकदा ती लशींचा डबा घेऊन शेजारच्या वस्तीवर जायची. या डब्यात बर्फाचे पॅक ठेवतात, पण ते फ्रीजरमधून काढून लगेच ठेवायचे नसतात. बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू द्यायचा, मग आत. नाहीतर काही लशी गोठतात, आणि गोठलेली लस टोचून उपयोग नसतो. एका सकाळी गोलात नागरत्ना पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “काल मी पॅकला घाम येईपर्यंत थांबले नाही. तिथे जाऊन बाटल्या हलवून पाहिल्या तर गोठलेल्या. बायकांना मुलांसकट परत पाठवलं. बाटल्या टाकून दिल्या.”

 पपनसाला तेव्हा फुलं होती. वास इतका जड की उभ्या उभ्या डोळे मिटावेत. रुक्माक्कांनी मान हलवली आणि म्हणाल्या, यापुढे डबा दोघींनी मिळून भरायचा, एक मी. परत गेलेल्या बायकांच्या घरी दुपारी त्या स्वतः नागरत्नाबरोबर चालत गेल्या. आठवड्याच्या आत सगळ्या मुलांना लस मिळाली. अष्टे. एवढंच.

एवढंच राहिलं असतं, जर मी प्रेमात पडलो नसतो. मी त्या गोलाच्या प्रेमात पडलो होतो. पुस्तिकेत ‘चुकांतून शिकण्याची संस्कृती’ असं एक मानक होतं, मीच लिहिलेलं, आणि अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे त्याचा पुरावा नव्हता. इथे तो रोज सकाळी झाडाखाली उभा असायचा आणि मला त्याला शून्य द्यावं लागत होतं. मी रुक्माक्कांना म्हणालो, एक वही ठेवा. त्या म्हणाल्या, लिहिलं की कोण सांगतो रे? मी म्हणालो, नुसती तारीख आणि विषय. त्या म्हणाल्या, तम्मा, चहा घे.

मी चहा घेतला आणि घरी बनशंकरीला जाऊन स्वतः लिहायला बसलो. सुवाच्य अक्षरात. तारीख, नाव, चूक, त्यावर काय केलं. नावं घातली, कारण नावाशिवाय पुरावा कच्चा वाटतो. मनात हेतू असा की हे वर जाईल, लोक थक्क होतील, रुक्माक्कांना शाल-श्रीफळ मिळेल, आणि फोटोत त्यांच्या शेजारी थोडा धूसर मीही असेन. ते सगळं मी अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलं. आढावा बैठकीत टाळ्या पडल्या. मी खाली वाकून नम्रपणे पाणी प्यायलो.

जिल्ह्याची आरोग्य केंद्रं ज्यांच्या हाताखाली होती ते साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त परिशिष्ट वाचलं. परिशिष्टं कुणी वाचत नाही या भरवशावर मी आयुष्य काढलं होतं. दोन आठवड्यांनी केंद्रावर दोन पत्रं गेली. बसवराजला ताकीद. नागरत्नाला नोटीस: लस वाया घालवल्याबद्दल आपलं कंत्राट रद्द का करू नये? सोबत माझ्या सुवाच्य अक्षराची छायाप्रत.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्या दिवशी गाडीत झोप लागली नाही. हेब्बाळचं तळं लख्ख दिसलं. झाडाखाली सगळे उभे होते आणि त्यांनी मला नेहमीची जागाही दिली. नागरत्नाचे डोळे सुजलेले होते. रुक्माक्कांनी सुरुवात केली.

“माझी चूक झाली. एका माणसाला आत घेतलं आणि फाटक कुठे आहे ते नीट दाखवलं नाही.”

पुढे कुणीच बोललं नाही. बसवराज नाही, नागरत्ना नाही. प्रत्येकाची पाळी आली आणि गेली. मग माझ्यापाशी येऊन ती थांबली. मी म्हणालो, अक्का, माझा हेतू खरं म्हणजे असा होता की—

“शिळी झाली रे,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. दूध नासलं आहे असं सांगावं तसं. आणि दार उघडायला गेल्या.

नागरत्नाची चौकशी शहरातल्या कार्यालयात होती. रुक्माक्का तिच्याबरोबर आल्या, इस्त्रीची साडी नेसून, हातात कापडी पिशवी. मानकांचा माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. साहेबांनी नागरत्नाला विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणाली, खरं आहे. मग रुक्माक्कांनी पिशवीतून निळी पुस्तिका काढली. ती कुणी वाचलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पानांच्या कडा मळलेल्या, मधे बसची तिकिटं खुणेला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं: हाताखालच्या माणसाच्या कामाची जबाबदारी प्रमुखाने स्वतः घ्यावी. एक पान उलटलं: आपली चूक आपण होऊन सांगणाऱ्यास संरक्षण मिळावे.

“मी असंच चालवत आले,” त्या म्हणाल्या. “तुमचं पुस्तक यायच्या आधीपासून. डबा भरायला हिला मी शिकवलं. शिक्षा द्यायची असली तर मला द्या. चूक सांगायची हिला भीती असती तर गोठलेली लस टोचून ही घरी आली असती, आणि तुम्हाला कधी कळलंच नसतं.”

साहेबांनी कपाळ चोळलं. कागदावर प्रमुख डॉक्टर आहेत, असं काहीसं म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, ही संरक्षणाची ओळ कुणी घातली? मी घातली, मी म्हणालो. मग तिचा अर्थ काय? मी म्हणालो, साहेब, ती ओळ लिहिताना मला तिचा अर्थ माहीत नव्हता, आता कळतोय. सगळ्या नोकरीत मी दिलेलं तेवढं एकच सरळ उत्तर. त्याने काही बदललं असं मला वाटत नाही. जे बदललं ते त्या मळलेल्या पुस्तिकेने.

नागरत्नाचं कंत्राट राहिलं. ते राहिलं तेव्हा ती कार्यालयाच्या जिन्यातच खाली बसली आणि रुक्माक्का तिच्या शेजारच्या पायरीवर, इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता. पण कुणावर तरी काहीतरी व्हायला हवं होतं. नोकरीचे शेवटचे आठ महिने रुक्माक्कांना केंद्रावरून काढून शहरातल्या कार्यालयात बसवलं. काम दिलं ते इतर केंद्रांच्या मानकांचे पुरावे तपासायचं. हे कुणी मुद्दाम केलं नसावं. आमच्याकडे मुद्दाम एवढं नेमकं काही होत नाही.

केंद्रावर नव्या मुख्य परिचारिका आल्या, चांगल्या होत्या. चुकांची नोंदवही सुरू झाली. मी तपासायला गेलो तेव्हा पानामागून पान उलटलं. रोजची तारीख, रोजच्या सह्या, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द: निरंक. केंद्राला पूर्ण गुण मिळाले. खाली सही माझी. बाहेर झाडाखाली कुणी नव्हतं. बसवराज दुरून म्हणाला, सार, हल्ली आमच्याकडे कुणी चुकतच नाही, तुमचं पुस्तक फार चांगलं.

रुक्माक्कांना भेटायला मला महिना लागला. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, कारणं गाळून. त्या खिडकीपाशी फायलींच्या ढिगामागे बसल्या होत्या. अंगावर तोच पुरुषी स्वेटर, खोलीत तर उकडत होतं. मी टेबलापाशी उभा राहिलो. त्यांनी मान वर केली नाही. माझ्या हातात योगायोगाने एक फाइल होती. “सरी, ठेव तिथे,” म्हणाल्या. मी फाइल ठेवली. आणखी जरा उभा राहिलो. पान उलटल्याचा आवाज झाला. मग मी निघालो, आणि जिना उतरताना मला एकदम इतकी झोप आली की कठडा धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेब्बाळला पुलाखालच्या बसथांब्यावर होतो. संस्थेची गाडी तोवर बंद झाली होती; मानकं सगळीकडे पोचली असल्यामुळे आता माणसांनी बसने जावं असं ठरलं होतं. धुकं तळ्यावरून उठून रस्त्यावर आलं होतं, त्यात बसचे दिवे आधी दिसायचे आणि बस मागाहून. तिकडून देवनहळ्ळीची बस आली आणि रुक्माक्का उतरल्या. राहायला त्या अजून देवनहळ्ळीकडेच होत्या; शहराची बस पकडायला रोज इथे उतरत असणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कानाला फोन होता. माझ्यापासून चार हातांवर येऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मधे एक फुलवाली टोपली घेऊन बसली होती, तिच्या पलीकडे मी. त्यांचं लक्ष नव्हतं.

“बोल नागू,” त्या म्हणाल्या. “पोचलीस? दार उघडायचं आहे ना अजून? बसवराज आहे बाजूला? त्यालाही ऐकू जाऊ दे. मग माझं आधी.”

वरून विमान गेलं. त्या थांबल्या. मीही थांबलो, पाठ केलेलं सगळं तोंडात धरून.

“काल तो तम्मा आला होता,” त्या म्हणाल्या. “निपाणीचा. काहीतरी सांगायला आला होता, दारातून येताना चेहऱ्यावर दिसलं. मी मान वर केली नाही. फाइल ठेवून घेतली आणि जाऊ दिलं.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “अष्टे. माझं झालं. आता तुझं सांग.”

शहराची बस आली. त्या एका हाताने दांडी धरून चढल्या. कंडक्टरने आत सरका म्हणून हाकारलं, त्या सरकल्या, खिडकीशी जागा मिळाली. बस धुक्यात शिरली तेव्हा काचेआड त्यांनी डोळे मिटले होते, कान फोनला लावला होता, आणि त्या ऐकत होत्या.